अनुभव धागा: जपानी डेथमॅचमध्ये पट्ट्याची कुस्ती कुणाला मिळावी?

काटेरी_कुंपण (धागाकर्ता)

डेथमॅच म्हणजे काच, तार, खिळे असलं सामान वापरायची मुभा असलेली व्यावसायिक कुस्ती, आणि पट्टा म्हणजे तिचं अजिंक्यपद. दोन पट्टे समोर ठेवून बोलू. एक बिग जपान या कुस्ती संस्थेचा डेथमॅच हेवीवेट, दुसरा फ्रीडम्स या संस्थेचा किंग ऑफ फ्रीडम. बाकीचे गावगन्ना पट्टे नंतर.

कोल्हापूरकडे जोड लावताना वस्ताद वजन, दम आणि मागची कुस्ती बघतात. इथे काय बघायचं, हा प्रश्न आहे. 'जास्त रक्त काढतो' हे उत्तर नको. कपाळाला ब्लेड लागलं की कुणाचंही रक्त येतं, त्याला पात्रता लागत नाही. आव्हानवीर कोण, कुठल्या सामानावर लढायचं आणि का, हे नेमकं लिहा. 'मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा…' छापाच्या आठवणी दुसऱ्या धाग्यावर.

दोन_गुण

आधी वाटा कोणत्या ते सांगतो, मग भांडू.

पहिली वाट माइकची. विजेता पट्टा राखतो, अजून धापा टाकत असतो, तेवढ्यात कुणीतरी रिंगमध्ये चढून बोलतो आणि पुढच्या मोठ्या कार्यक्रमाची जोड ठरते. दुसरी वाट आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्याची. तिसरी साखळी स्पर्धेची. बिग जपानच्या साखळीचं नाव इक्कितोसेन, म्हणजे एकटा हजारांना भारी. जिंकल्यास २ गुण, बरोबरीला १. स्पर्धा मारली की पट्ट्यावर हक्क सांगता येतो.

साखळीतून आलेल्यालाच मी खरा आव्हानवीर मानतो, कारण तिथे सामान बदलत जातं. एका फेरीत ट्यूबलाइट, दुसरीत काटेरी तारेचा बोर्ड, तिसरीत काच. ज्याला फक्त ट्यूब फोडता येतात तो तिसऱ्या फेरीपर्यंत उघडा पडतो. माइकवाल्याला मात्र स्वतःच्या सोयीचं सामान मागता येतं. साखळीचा तोटा एवढाच, की ओळीने तीन-चार डेथमॅच झाल्यावर जिंकणाऱ्याची पाठ शिवणीच्या कापडासारखी झालेली असते. लगेच पट्ट्याची कुस्ती लावली तर जुने टाके उसवतात. मधे निदान महिनाभर जाऊ द्यावा.

अण्णा_सांगावकर

माइकला एवढं कमी लेखू नका. जपानात 'प्लस अल्फा' नावाची अट असते. ठरलेल्या सामानाखेरीज प्रत्येकाने आपलं एक सामान घेऊन यायचं. ते काय आणतो यावरून गडी कळतो.

दाखला २००९ चा. २० नोव्हेंबरला योकोहामाच्या बुंका जिम्नॅशियममध्ये जुन कासाई विरुद्ध र्युजी इतो. रेझर ब्लेड लावलेला क्रूसाच्या आकाराचा बोर्ड, अधिक अल्फा. तोक्यो स्पोर्ट्स या वृत्तपत्राने हा वर्षातला सर्वोत्तम सामना ठरवला. त्या वर्षीच्या न्यू जपान, नोआ, ऑल जपान या मोठ्या संस्थांच्या सगळ्या सामन्यांच्या वर एक डेथमॅच गेला. त्यात बघण्यासारखं काय होतं? बोर्ड उभा दिसतो, प्रेक्षकांना ठाऊक असतं की कुणीतरी त्यावर जाणार, आणि दोघेही तो क्षण लांबवतात. अडवतात, उलटवतात, पुन्हा तिथेच आणतात. पात्या लागतात तेव्हा सभागृह आधीच उभं असतं.

सामान पहिल्या पाच मिनिटांत संपवणारा गडी पट्ट्याच्या लायकीचा नाही, मग त्याच्या अंगावर शंभर टाके असोत.

काचकाम

सामानाबद्दल कुणी नीट लिहीत नाही म्हणून लिहितो. पात्रता तिथेच ठरते.

ट्यूबलाइट: ४० वॅटची सरळ ट्यूब सुमारे १.२ मीटर लांब, काच एक मिलिमीटरहून पातळ. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा फार कमी, म्हणून फुटताना फटाक्यासारखा आवाज येतो आणि पांढरी पूड उडते. शेवटच्या रांगेलाही कळतं की काहीतरी घडलं. एकेकटी ट्यूब उथळ कापते. खरा धोका जुडीत असतो. दहा ट्यूबची जुडी बांधताना चिकटपट्टी दोन्ही टोकांजवळ लावतात. मधोमध लावली तर फुटलेले तुकडे पट्टीला धरून राहतात आणि पुढच्या फटक्याला सुरीसारखे चालतात. शिवाय जुडीतल्या सगळ्या ट्यूब एका दमात फुटतीलच असं नाही. फटका टोकाने बसला तर काचेऐवजी धातूची टोपी लागते, आणि ती फोडत नाही, ठेचते.

दोरांवर बांधायच्या असतील तर रिंगची एक बाजू साधारण ६ मीटर धरा. ६ सेंटिमीटरला एक म्हणजे बाजूला १००, दोन बाजूंना २००. नवखा गडी पहिल्याच धडकेत तीस-चाळीस वाया घालवतो. जाणता एका वेळी पाच-सहाच फोडतो आणि उरलेली बाजू शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवतो.

काचेची तावदानं: ३ मिलिमीटरची साधी काच अंग पडताच फुटते. ५ ची घेतली तर पहिल्यांदा फुटत नाही, माणूस उसळून बाजूला पडतो आणि सगळा डाव विस्कटतो. दुसऱ्यांदा फुटते तेव्हा लांब, जड सुळे निघतात. मनगट, कोपर, गुडघ्यामागचे स्नायुबंध तिथेच जातात. कडक केलेली काच दाण्यादाण्यांनी फुटते. दिसायला छान, जखम कमी, पण सपाट अंग पडून ती सहज फुटत नाही.

खिळ्यांचा बोर्ड: जपानी 'पाच सुन'चा खिळा म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर. खिळे दाट असले तर वजन वाटलं जातं, विरळ असले तर आत जातात. त्यामुळे 'कमी खिळे म्हणजे सोपा बोर्ड' हे उलटं आहे.

आता प्रश्न असा: आव्हानवीर पडताना हनुवटी छातीला लावतो का? हात मागे टेकतो का? जो तळहात मागे टेकतो त्याला काचेच्या सामन्यात पट्ट्यासाठी उभं करू नये. एका चुकीत बोटं बधिर होतात.

रंगीत_पट्टा

काचकाम, काटेरी तार राहिली.

काचकाम

बांधकामात वापरतात त्या प्लायवूडच्या पत्र्यावर, साधारण ९०० बाय १८०० मिलिमीटर, १२ जाडीचा. तार ताणून यू-खिळ्यांनी ठोकायची. सैल राहिली तर अंगाला गुंडाळते, आणि मग कात्री आणून सोडवेपर्यंत सामना थांबतो. पट्ट्याच्या कुस्तीत हे झालं की प्रेक्षक थंड पडतात. जाणता गडी अडकलेला कपडा फाडून उठतो, तार ओढत नाही.

शार्वरी_म

नाव घ्यायला सगळे लाजताय, मी घेते. मासाशी ताकेदा. मूळ तालीम यू-फाइल कॅम्पची, म्हणजे पकड आणि सांध्यांचे डाव. कात्र्यांचा बोर्ड हे त्याचं सामान. २०१८ मध्ये बिग जपान आणि फ्रीडम्स, दोन्हींचे पट्टे एकाच वेळी त्याच्याकडे होते. एका माणसाच्या पाठीवर दोन कार्यक्रमपत्रिका! ते जमलं, कारण सामान काढून घेतलं तरी त्याचा सामना उभा राहतो.

माझी कसोटी हीच. डोळ्यांसमोरून काच, तार, खिळे पुसून टाका. उरलेली १५ मिनिटांची कुस्ती बघवते का? ताकेदा, इसामी कोदाका, युको मियामोतो यांची बघवते. मियामोतोचा मूनसॉल्ट (उलटी कोलांटी घेत मारलेली उडी) रिकाम्या रिंगमध्येही मूनसॉल्टच असतो. ज्यांची बघवत नाही अशांची यादी लांब आहे. भांडण नको म्हणून देत नाही.

दुसरं. स्त्रियांना अजून 'खास आकर्षण' म्हणून मधल्या सामन्यांत ठेवतात. रिना यामाशिताने २०२२ मध्ये अमेरिकेत जीसीडब्ल्यू या संस्थेची टूर्नामेंट ऑफ सर्व्हायव्हल जिंकली, समोर पुरुष होते. आणि ही आजची गोष्ट नाही. ५ मे १९९६ ला कावासाकी स्टेडियमवर मेगुमी कुदो आणि कॉम्बॅट तोयोदा दोरांऐवजी स्फोटक काटेरी तारा लावून लढल्या. तीस वर्षं होत आली, आणि अजून 'बाई झेपेल का' हाच सूर.

अण्णा_सांगावकर

ताई, यामाशिताबद्दल दुमत नाही. पण तुमची रिकाम्या रिंगची कसोटी लावली तर अब्दुल्ला कोबायाशी बाद होतो, आणि ते मान्य नाही. अब्दुल्ला द बुचर या जुन्या मल्लाचं नाव आणि ढंग उचललेला हा अवजड माणूस उडत नाही, धावतही फारसा नाही. पण वेळ कळते. तो मान वळवून प्रेक्षकांकडे बघतो तेवढ्यात हशा आणि भीती दोन्ही येतं. बिग जपानचा पट्टा त्याच्याकडे पुन्हा पुन्हा गेला तो उगाच नाही.

दोन_गुण

पुन्हा पुन्हा गेला हाच तर रोग. इतो, कोबायाशी, पुन्हा इतो. नव्या मुलाला एकदा आव्हान देतात, हरवतात, आणि दोन वर्षं मधल्या फळीत पाठवतात. बिग जपानमध्ये नवा मुलगा आधी साधी कुस्ती शिकतो, मग डेथमॅच की स्ट्राँग (बिनसामानाची जोरकस कुस्ती) हे ठरतं. एवढं करून डेथमॅचकडे आलेल्याला दुसरी संधी वर्षभरात मिळायला हवी. पहिल्या पराभवानंतर तो काय बदलतो हे बघायचं असतं.

त्या बाबतीत फ्रीडम्स बरं. ताकाशी सासाकीने २००९ मध्ये काढलेली संस्था, पट्टा फिरता ठेवते. तोरू सुगिउरा तिथेच मोठा झाला. मेक्सिकोच्या व्हायोलेंतो जॅकलाही पट्टा मिळाला.

रंगीत_पट्टा

परदेशी म्हणजे पाहुणा हे गणित तिथे चुकतं. वेल्सचा ड्रू पार्कर जपानात राहून, बिग जपानच्या दौऱ्यात रुळून त्यांचा डेथमॅच पट्टा जिंकला. तीन आठवड्यांसाठी येऊन थेट पट्ट्याची कुस्ती मागणारा वेगळा. दौऱ्यावर असणाऱ्याला छोट्या गावातल्या दीडशे प्रेक्षकांसमोरही उतरावं लागतं, सामना संपल्यावर झाडू धरावा लागतो. काच झाडणं हे कामच आहे. पोरं रिंगभोवती मोठे तुकडे उचलतात, प्रेक्षकांसमोर प्लास्टिक धरतात, कार्यक्रम संपल्यावर सगळं गोळा करतात. ज्याने झाडलंय त्याला कुठला तुकडा कुठे जातो हे कळतं.

पारा_चढला

सगळे ट्यूबवर बोलताय, पण ट्यूब मिळणार किती दिवस?

पाऱ्याच्या वापरावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत ठरलं की सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर बंद. (ज्या गावाच्या पाऱ्याने हा करार जन्मला ते गाव जपानातलंच.) साठा वापरायला बंदी नाही, पण साठा संपतो. एलईडी नळी हा पर्याय नव्हे. पुष्कळशा प्लास्टिकच्या असतात, वाकतात. काचेच्यांनाही आतून पोकळीचा तो आवाज नाही.

म्हणून २०२७ पर्यंतचा आव्हानवीर आणि त्यानंतरचा आव्हानवीर वेगळा धरा. ट्यूबवर पोसलेल्यांचा आवाज जाणार आहे. आवाजाशिवाय जे सभागृह धरू शकतात त्यांना आत्तापासून पट्ट्याजवळ आणायला हवं. कात्र्या, पाती, तार, खिळे, फुलं रचायच्या काटेरी बैठका, हे सगळं मुकं सामान आहे. त्यात आवाज माणसालाच काढावा लागतो.

अण्णा_सांगावकर

पटलं. आणि याचं जुनं उत्तरही जपानातच आहे. ओनिताने ४ ऑगस्ट १९९० ला शिओदोमेत तार्झान गोतोविरुद्ध स्फोटक काटेरी तारेचा सामना केला तेव्हा ट्यूबचा पत्ताही नव्हता. प्रेक्षक तारेकडे बघत होते, कारण तो तिच्याजवळ जाऊन मागे येत होता.

उलटं उदाहरण १९९२ चं. ओनिताच्या एफएमडब्ल्यू संस्थेने रिंगभोवती आग लावली. ओनिता आणि गोतो एका बाजूला, शेख आणि साबू दुसऱ्या. ज्वाळा हाताबाहेर गेल्या, चौघांना पळावं लागलं, शेख भाजला. कुस्ती झालीच नाही. जिथे सामानच मालक होतं तिथे आव्हानवीर कोण, याला अर्थ उरत नाही.

शार्वरी_म

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जोड लावण्याआधी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या हव्यात. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, आणि धनुर्वाताची लस. दोघांचं रक्त एकाच काचेवर मिसळतं. अहवाल जुना असेल तर नाव कितीही मोठं असो, सामना पुढे ढकलावा. आणि न्यू जपानच्या एल देस्पेरादोसारखा बाहेरचा गडी कासाईसमोर २०२२ मध्ये उतरला तसे आणखी येणार असतील, तर हे आधीच कागदावर हवं.

दोन_गुण

तर माझी पुढची जोड: पट्टा कुणाकडेही असो, समोर यामाशिता, सामान काटेरी तार आणि कात्र्या, ट्यूब शून्य, वेळ ३० मिनिटं. अण्णा, तुमची?

अण्णा_सांगावकर

यामाशिता चालेल. पण कात्र्या ताकेदाच्या आहेत, तिने स्वतःचं सामान आणावं.