वेताळ टेकडीवर दोन सायकलींच्या सस्पेन्शनची तुलना कशी करावी?

प्रश्न : माझ्या जुन्या सायकलला १०० मिमीचा स्प्रिंग फोर्क (पुढच्या चाकाला धरणारा, धक्के शोषण्यासाठी १०० मिमीपर्यंत दबणारा भाग) आहे आणि मित्राने महिनाभरासाठी दिलेल्या सायकलला १२० मिमीचा एअर फोर्क आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील दगडगोट्यांच्या उतारावर नवी सायकल अधिक चांगली असेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मात्र तिच्यावरच माझे मनगट अधिक दुखते. असे का व्हावे?

उत्तर १ : फोर्कमधील हवा बहुधा मित्राच्या वजनानुसार भरलेली असावी. आपण नेहमीच्या सामानासह सायकलवर स्थिर बसल्यावर फोर्क किती दबतो, ते नळीवरील रबरी कडीवरून मोजावे. १२० मिमीच्या फोर्कसाठी २४ ते ३० मिमी ही सुरुवातीला योग्य मर्यादा आहे. त्याहून कमी दबत असल्यास शॉक पंपाने थोडी हवा सोडावी.

उत्तर २ : वरील सूचनेशी मी सहमत आहे, परंतु रिबाउंडही, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, तपासावा. तो फार मंद असेल, तर लागोपाठच्या दगडांवर फोर्क पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दबतो आणि हळूहळू कडक होत जातो. दोन्ही सायकलींच्या टायरमधील हवा दरवेळी मोजून ठरलेल्या दाबाची ठेवावी, उताराचा एकच तुकडा निवडावा आणि एका फेरीत एकच बदल करावा. सकाळी टेकडीवर फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक बरेच असतात, म्हणून कृपया ही चाचणी दुपारी करावी.

प्रश्नकर्ता : मोजले, फोर्क जेमतेम १२ मिमी दबतो. आज हवा कमी करून पुन्हा जातो.