रात्रीचा पंप, सी विंगच्या कुंड्या आणि वारीला गेलेले काका

(सोसायटी ग्रुप, बुधवार रात्र ते शुक्रवार रात्र)

सी-१०२: रात्रीचे पावणेबारा. पंपरूममधला पंप पुन्हा सुरू. पाच मिनिटं गप्प, की परत घर्रर्र. आज चौथी रात्र. आमची बेडरूम पंपरूमला लागून आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कमिटीतलं कोणी जागं आहे का?

सचिव: नमस्कार ताई. तो फायरच्या लाइनचा जॉकी पंप आहे, लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप. बी-४०३ चे काका वारीला गेलेत, आले की बघतील.

सी-१०२: म्हणजे आषाढी होईपर्यंत आम्ही झोपायचं नाही?

ए-५०३: वॉचमनला सांगून बंद करा ना. एवढा काय विषय आहे?

बी-७०२: कृपया कोणीही बंद करू नका. जॉकी बंद झाला की लाइनचं प्रेशर रात्रीतून उतरतं. मग आठव्या मजल्यावर होज रील (आग विझवायचा गुंडाळलेला पाइप) उघडली तरी धार येणार नाही.

ए-२०४: याच निमित्ताने पुन्हा सांगते. ए विंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर चपलांचे दोन रॅक आणि एक सायकल आहे. जिना मोकळा हवा.

ए-५०३: ताई, आत्ता पंपाचं चाललंय.

---

बी-७०२: सकाळी ६:१० ला पंपरूममध्ये जाऊन आलो. जॉकी आणि मेन (आगीच्या वेळचा मोठा पंप), दोन्हींचे सिलेक्टर स्विच ऑफवर. प्रेशर गेजचा काटा १ च्या खाली. म्हणजे रात्रभर तिन्ही विंगा कोरड्या. हे कोणी केलं?

सचिव: वॉचमन म्हणतो ए-५०३ मधून इंटरकॉम आला होता.

ए-५०३: मी फक्त "बंद होतो का बघ" म्हणालो. माझ्यावर ढकलू नका. काकांनी जाताना कोणाला तरी शिकवून जायला हवं होतं. सगळ्या किल्ल्याही त्यांच्याकडेच.

बी-४०३ वहिनी: दादा, किल्ल्यांचा जुडगा बाबांनी निघायच्या आदल्या दिवशी सचिवांच्या हातात दिलाय, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधून. पंपरूमच्या दारामागे क्रमाने काय करायचं त्याचा कागदही चिकटवलाय. बाबा सोसायटीचे कर्मचारी नाहीत. नोकरीत असताना त्यांच्या दिवाळ्या फायर स्टेशनवर गेल्या, तेव्हा वर्दी कधी येईल सांगता यायचं नाही. निवृत्तीनंतर वारी धरली आणि यंदा आईही डोक्यावर तुळस घेऊन सोबत चालतेय. काल दिवसभरात ११ फोन गेले त्यांना. दिंडीत फोन रात्री मुक्कामावरच चार्ज होतो. आठनंतर बघतील.

सचिव: किल्ल्या माझ्याकडे आहेत हे खरं आहे. 🙏

सी-१०२: वहिनी, काकांबद्दल कोणाचंच काही म्हणणं नाही. देवमाणूस आहेत. प्रश्न पंपाचा आहे.

बी-७०२: प्रश्न पंपाचाच आहे का? १४ एप्रिलला अग्निशमन दिनाचं ड्रिल काकांनी ठेवलं. १९४४ साली व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीच्या स्फोटांत गेलेल्या ६६ जवानांसाठी गेटपाशी दोन मिनिटं उभं राहायचं होतं. १०८ घरांतून आलो किती? नऊ जण. आणि आता सगळ्यांना काका हवेत.

ए-५०३: त्या दिवशी ऑफिस होतं साहेब. हजेरी घेताय का?

ए-२०४: ए विंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर चपलांचे दोन रॅक आणि एक सायकल आहे. आजही तिथेच.

ए-५०३: आणि तुमच्या देवघरातला अखंड दिवा? कुलूप लावून दोन दिवस लेकीकडे जाता, आत दिवा जळत असतो. ते चालतं?

ए-२०४: माझ्या देवापर्यंत जायची गरज नव्हती.

बी-६०१: दोघांनी कृपया पर्सनलवर बोला. आणि काकांना माझाही राम राम कळवा.

---

बी-४०३ काका: रामकृष्ण हरी. मुक्काम तरडगाव. आज चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, माउलींचा अश्व दोनदा आमच्या दिंडीसमोरून गेला. सगळे मेसेज वाचले. आता नीट वाचा.

पंप बिघडलेला नाही. तो आपलं काम करतोय. आपला जॉकी ५ किलो प्रेशरला लागतो आणि ७ ला सुटतो. दर पाच मिनिटांनी लागतोय म्हणजे लाइनमधून पाणी कुठेतरी जातंय.

काटा पडलेला असताना दोन्ही सिलेक्टर थेट ऑटोवर टाकू नका. मेन पंप दणक्यात लागेल, आणि तो आपोआप थांबत नाही, हातानेच बंद करावा लागतो. आधी प्रायमिंगच्या टाकीत पाणी आहे ना ते बघा. मेन ऑफ ठेवा, जॉकी मॅन्युअलवर चालवा, काटा ७ वर आला की दोन्ही ऑटोवर.

मग गळती शोधायची. थोडा वेळ दोन्ही ऑफ करा आणि गेजसमोर उभे राहा. तिन्ही रायझरच्या (विंगेत वर जाणाऱ्या उभ्या पाइपाच्या) तळाला बटरफ्लाय व्हॉल्व्ह आहे, हँडल पाइपाला आडवं केलं की बंद. एका वेळी एकच विंग बंद करा, दहा मिनिटं काटा बघा, ती उघडून मग पुढची. जी विंग बंद केल्यावर काटा थांबेल, गळती तिथे. तिन्ही बंद करूनही काटा उतरला तर पंपाजवळचा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पाणी परत टाकीत सोडतोय. त्यात बाहेर थेंबही दिसत नाही. सक्शनच्या (टाकीतून पंपाकडे येणाऱ्या) पाइपाला कान लावा, बारीक सूं ऐकू येतो.

विंग सापडली की मजल्यामजल्याने वर जा. लँडिंग व्हॉल्व्हचं (प्रत्येक मजल्यावरच्या फायरच्या नळाचं) टोपण काढून तोंडात बोट फिरवा. ओलं लागलं तर आतली सीट गेली, व्हॉल्व्ह घट्ट बंद होत नाही. होज रीलच्या नोझलखाली कोरडा कागद ठेवा. गच्चीवरचा एअर रिलीज व्हॉल्व्ह विसरू नका, पावसात तिथली गळती ओळखू येत नाही. काम झालं की तिन्ही हँडल पाइपाच्या रेषेत आली का ते दोघांनी बघा. एकाने बघितलेलं धरू नका.

ए-२०४ ताई, जिन्याचं तुमचं बरोबर आहे. धुरात माणूस भिंत धरून, वाकून उतरतो. रॅकला अडखळून पहिला पडला की मागचे त्याच्यावर. जिन्याच्या दाराला वीट लावून ठेवतात तीही काढायला लावा, दार उघडं राहिलं की सगळा जिना धुराडं होतो. आणि दिव्याचंही सांगतो, राग मानू नका. समई परातीत ठेवा, परातीत बोटभर पाणी. वर लाकडी फळी असेल तर दिवा बाहेर घ्या. तेल काठोकाठ भरू नका. घराला कुलूप लागणार असेल तर हात जोडून दिवा शांत करा. आमच्या देवघरातही निघताना सूनबाईला हेच सांगून आलोय.

उद्या पहाटे फलटणकडे निघायचंय. नातवाला सांगा, आजी बरी आहे, पायाला एकच फोड आहे.

सी-१०२: काका 🙏 एवढ्या चालण्यात एवढं लिहिलंत.

---

बी-७०२: सचिव, वॉचमन आणि मी, काकांच्या क्रमाने केलं. ए बंद, काटा उतरतोच. बी बंद, उतरतोच. सी बंद, काटा जागेवर. दुसऱ्या मजल्यावरच्या होज रीलचा बॉल व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. नोझल खिडकीच्या गजाला बांधलेलं, खाली तुळशीची आणि मोगऱ्याची कुंडी, दोन्ही तुडुंब.

सी-१०२: आमच्याच विंगेत?

सी-२०१: कुंड्या माझ्या आहेत. बादली नेण्यापेक्षा सोपं पडायचं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला असंच वाटलं होतं. सॉरी सगळ्यांना.

ए-५०३: म्हणजे चार रात्री पंप मोगऱ्यासाठी चालत होता. आणि ऐकून मी घेतलं.

सचिव: दादा, ऑफ करायला लावलं ते वेगळंच आहे. असो. जुलैचा फॉर्म बी (फायरची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) द्यायचाय, जानेवारीनंतर आत्ताच. तपासणीची एजन्सी शनिवारी १० ला येतेय.

बी-४०३ काका: मुक्काम फलटण. नुसते फोटो काढून सही घेऊ नका. तुमच्यासमोर मेन पंप लावून गच्चीच्या हायड्रंटला धार दाखवा म्हणावं. प्रत्येक होज पूर्ण उलगडा, चीर घडीवरच पडते. कपलिंगमधलं रबर वॉशर आणि पेटीतली ब्रँच (होजच्या टोकाचं तोंड) मोजा, पितळ आहे, गायब होतं. लाल सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा, पिनचं सील शाबूत हवं. धार बघायला ए-५०३ दादांना गच्चीवर उभं करा, त्यांची नजर चांगली आहे.

ए-५०३: येतो काका.

ए-२०४: ए विंगच्या जिन्यात आता एकच रॅक राहिलाय. सायकल गेली. आभार. समई परातीत ठेवली आहे.

बी-४०३ काका: पॅनलचा फोटो टाका. दोन्ही सिलेक्टर दिसले पाहिजेत.

सचिव: टाकलाय काका. दोन्ही ऑटो. काटा ७.

सी-१०२: पंप संध्याकाळपासून एकदाही लागलेला नाही.