पार्किन्सन्स : दुपारची गोळी लागूच पडत नाही, जेवणाचा संबंध असतो का?

तळ्याकाठी:
बाबांना (वय 71) पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली, लेव्होडोपाची गोळी दिवसातून चारदा. सकाळची मस्त लागू पडते, स्वतः पेपर धरून वाचतात, पण दुपारची घेऊन तास झाला तरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे, बाथरूमच्या उंबऱ्याशीच अडकून उभे. वजन उतरलंय म्हणून मावशीने प्रोटीन पावडर आणलीये, ती मी दुपारी दुधातून देतेय आणि गोळीही जेवणासोबतच. आजार वाढला का? डोस वाढवून मागू का?

जुना_पंखा:
ताई, डोसच्या आधी घड्याळ बघा. लेव्होडोपा स्वतःच एक अमिनो ॲसिड आहे (प्रोटीन पचलं की त्याचे असेच तुकडे होतात), आतड्यातून रक्तात आणि पुढे मेंदूत शिरायला त्याला जे दार लागतं तेच डाळ, दूध, पनीर, अंड्यातल्या अमिनो ॲसिडना लागतं, मग दारात ही गर्दी. आमच्या आईचं सेम व्हायचं. आता गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, साध्या पाण्याने, मळमळलं तर मूठभर कुरमुरे, दूध नाही. दुपारी भाकरी-भाजी-भात, वरण-पनीर रात्री. डबीच्या झाकणावर मार्करने वेळा लिहिल्यात, आईपेक्षा मलाच त्याचा उपयोग होतो.

मेथांबा:
+1, पण प्रोटीन बंद नका करू हां, फक्त वेळ हलवा. सासऱ्यांची आम्ही उत्साहाच्या भरात डाळच तोडली, दोन महिन्यांत चार किलो गेले, खुर्चीतून उठवेना. बद्धकोष्ठतेकडेही बघा, पोट तुंबलेलं असलं की गोळीचा काही भरवसा नाही. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हीत दोनेक तास अंतर ठेवा.

उंडगा:
खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण द्या, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही.

जुना_पंखा:
@उंडगा अहो त्या बियांत लेव्होडोपाच असतो, गोळीत असतो तोच! वर चमचाभर चूर्ण म्हणजे एकूण डोस किती झाला कोण मोजणार? जास्त झाला की हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात, बीपी पडतं. डॉक्टरांना न विचारता अजिबात नको.

तळ्याकाठी:
डॉक्टरांना फोन केला, म्हणाले आधी आठवडाभर वेळ बदलून बघा, डोसचं नंतर. आज बारा-दहाला गोळी, पाऊणला जेवण. आत्ता दीड वाजलाय आणि बाबा गॅलरीत तुळशीला पाणी घालतायत. एका दिवसावरून काही बोलत नाही. पण पावडर रात्रीवर ढकलली हे मावशीला कसं सांगू तेवढं सुचवा, ती रोज दुपारी फोन करून विचारते 😀