चारही दिवस सांतोरिनीत नकोत

सप्टेंबरातले चारही दिवस ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच काढायचे असं तुम्ही लिहिलंय. मनापासून सांगते, दोन पुरेत, उरलेले दोन मुख्य भूमीवरच्या नेमेआ या द्राक्षमळ्यांच्या भागाला द्या.

सांतोरिनी बघायचीच, पण सूर्यास्तापेक्षा तिथल्या वेलींसाठी. आपल्या नाशिककडे द्राक्षं मांडवावर चढतात, तिथे वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल विणत नेतात. 'कुलूरा' म्हणतात तिला. मी वाकून पानं बाजूला केली, तर घड आत वाऱ्यापासून लपून बसलेले! पाऊस अगदी कमी, रात्रीच्या समुद्री धुक्याची ओल हाच आधार. ज्वालामुखीच्या राखट मातीत वेलींची मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड टिकत नाही, म्हणून इतरत्र करतात तशा दुसऱ्या मुळांवरच्या कलमाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. तिथल्या असीर्तिको द्राक्षांची कोरडी पांढरी वाइन प्या, आणि उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची गोड विनसांतो शेवटी, घोटघोट. मात्र तिथली तोडणी बहुतेक ऑगस्टमध्येच होते, तुम्हाला बऱ्याच वेली रिकाम्या दिसतील.

नेमेआत सप्टेंबर म्हणजे ऐन हंगाम. अथेन्सहून गाडीने साधारण दीड-दोन तास. आयोर्यीतिको ही तिथली लाल द्राक्षं. एकाच जातीची खालच्या खोऱ्यातली आणि उंचावरची वाइन शेजारी शेजारी मागा, वरची जास्त तरतरीत लागते. चाखायचं असेल त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, ड्रायव्हर ठरवा. आणि हंगामात वायनरीवाले कामात बुडालेले असतात, तेव्हा आधी ईमेल करूनच जा.