मदत हवी आहे: रिमोट सर्व्हरवर कोडिंगसाठी कोणता सेटअप बरा?

मंडळी, जरा सल्ला हवाय. प्रोजेक्ट लिनक्स सर्व्हरवर चालतो, लॅपटॉप नुसता टायपिंगपुरता, आणि नेट मध्येमध्ये तुटतं. सध्या कोड इकडे लिहायचा नि आरसिंकने (फाइल्स सिंक करायचं टूल) सर्व्हरवर ढकलायचा असं चाललंय, पण टेस्ट तिकडेच चालतात म्हणून एक ओळ बदलली तरी हा द्राविडी प्राणायाम.

व्हीएस कोड या एडिटरचं रिमोट एसएसएच (एसएसएच म्हणजे सुरक्षित लॉगिनने सर्व्हरला जोडून तिथल्याच फाइल्सवर काम करायची सोय) बघितलं, ते सर्व्हरवर आपला एक प्रोग्रॅम टाकतं आणि बरीचशी एक्स्टेन्शन्सही तिकडेच चालतात, त्यामुळे डिबगर, ऑटोकम्प्लीट सगळं जागेवर मिळतं, पण आमच्या मशीनला रॅम फक्त 2 जीबी आणि त्यातच डेटाबेसपण बसलाय, तर झेपेल का? जेटब्रेन्स गेटवे या तशाच टूलमध्ये तर आयडीईचा (कोड लिहायच्या मोठ्या सॉफ्टवेअरचा) अख्खा बॅकएंडच सर्व्हरवर चालतो, म्हणजे तो विषय बहुतेक संपलाच.

दुसरा पर्याय निओव्हिम (व्हिमवर आधारलेला, टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर) आणि टीमक्स (टर्मिनलची सेशन्स सांभाळणारा प्रोग्रॅम). कनेक्शन गेलं तरी टीमक्सचं सेशन सर्व्हरवर चालूच राहतं, परत लॉगिन करून अटॅच केलं की सगळं होतं तसं, हे फार आवडलंय. फक्त व्हिममध्ये मला फाइल सेव्ह करून बाहेर पडता येतं, बस्स.

टीमक्स असताना मॉशची (तुटक्या नेटवरही टिकणारं रिमोट टर्मिनल) वेगळी गरज पडते का? ते यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर चालतं, वायफाय बदललं तरी टिकतं, पण फायरवॉलमध्ये 60000 ते 61000 मधले पोर्ट उघडून मागायचे म्हणजे आमच्या अ‍ॅडमिनशी वाद आलाच.

एसएसएचएफएसने सर्व्हरवरचं फोल्डर माउंट करून, म्हणजे लॅपटॉपवरच्या फोल्डरसारखं जोडून, रोज काम करणारं कुणी आहे का इथे? मोठ्या प्रोजेक्टमध्ये सर्च किती रखडतं ते सांगा प्लीज.