वावराचा सौदा करायच्या आधी

काका: सगळ्याइले नमस्कार. लहानीले इंग्लंडच्या विद्यापीठाचं पत्र आलं. एक वर्षाचं मास्टर्स हाय. एजंटनं सगळा खर्च 28 लाख सांगतला. नाल्याकाठचे तीन एकर काढाचे म्हणतो. गिऱ्हाईक तयार हाय, रविवारी इसार देतो म्हणते. घरच्याइले इचारल्याशिवाय करत नाही, म्हून घरच्या गृपवर टाकून राह्यलो.

आत्या (कारंजा): अभिनंदन लहाने! पण नाल्याकाठचं वावर म्हणजे विहिरीचं ना रे?

काका: हो. विहीर हाय म्हून तं भाव भेटून राह्यला. कोरडवाहू कोण घेते.

मोठे बाबा: पोरगी शिकाले जाते तं तिले कोणी अडवाचं नाही, हे पह्यले सांगतो. पापळचे भाऊसाहेब, पंजाबराव देशमुख, 1920 मधी विलायतेले गेले, एडिंबरा, ऑक्सफर्डले शिकले, आन् परत येऊन अमरावतीले शिवाजी शिक्षण संस्था काढली. मी त्याच संस्थेच्या शाळेत शिकलो. पंजाबराव गेले नसते तं आपल्या घरी आजही अंगठाच असता. पण 28 लाखाचा हिशोब मले समजून सांगा. वावर गेल्यावर पुढच्या वर्साचं काय?

लहानी: मोठे बाबा, फी 16 हजार पौंड आहे. अर्धी आधी भरायची, अर्धी तिकडे गेल्यावर. एजंट म्हणतात आठवड्याला 20 तास काम करता येतं, त्यातून दुसरा हप्ता निघतो आणि घरीही पैसे पाठवता येतात. व्हिसासाठी 28 दिवस बँकेत रक्कम दाखवावी लागते. ती कमी पडली तर ते आपल्या खात्यात टाकतात, नंतर काढून घेतात, थोडं कमिशन घेतात. आमच्या कॉलेजचा एक सीनियर तिथे दुसऱ्याच्या आयडीवर फूड डिलिव्हरी करतो, त्याचं बरं चाललंय.

दादा: ताई, तू बोल. तू बाहेर शिकली आहेस.

ताई (जर्मनी): कालच वाचलं, पण शिफ्टमध्ये होते. आज सुट्टी आहे म्हणून सगळं सविस्तर लिहिते. काका, मोबाइल मोठे बाबांच्या हातात द्या, त्यांनाही नीट वाचू द्या.

आधी एजंटचा हिशोब. इंग्लंडमध्ये 21 वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन एप्रिल 2026 पासून तासाला 12.71 पौंड आहे. 20 तासांचे आठवड्याला 254, महिन्याला साधारण 1,100 पौंड. तेही एकही आठवडा आजारी न पडता, परीक्षेतही सुट्टी न घेता, आणि पहिल्या दिवसापासून काम मिळालं तर. आता दुसरी बाजू. लंडनबाहेर राहायला महिन्याला 1,171 पौंड लागतात, असं तिथलं सरकारच व्हिसाच्या नियमात धरतं. म्हणजे पोरगी पूर्ण वेळ राबली तरी तिचं खाणं आणि खोलीभाडंही पुरतं निघत नाही. फीचा दुसरा हप्ता यातून कुठून येणार? उन्हाळ्यात जास्त तास करता येतील असंही सांगतील, पण मास्टर्सचा उन्हाळा प्रबंधाचा असतो आणि तो शिकवणीच्या काळातच धरतात. तेव्हाही 20 तासच.

खात्यात उसने पैसे टाकणं तर अजिबात करू नका. फीची बाकी रक्कम आणि 9 महिन्यांचा खर्च, 10,539 पौंड, एवढे पैसे सलग 28 दिवस आपलेच म्हणून दाखवावे लागतात. खोटं दाखवल्याचं उघड झालं तर 10 वर्षं त्या देशात पाऊल ठेवता येत नाही. लहाने, तो डाग एजंटच्या नावावर पडणार नाही, तुझ्या नावावर पडेल. डिलिव्हरीचंही तेच. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा म्हणून काम करायला बंदी आहे आणि डिलिव्हरी त्यातच मोडते. सीनियर अजून पकडला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी शोधायला आज 2 वर्षं मिळतात. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्याला 18 महिनेच मिळणार. आता जाणारी बॅच त्यातच सापडते. हे एजंटनं सांगितलं का?

आता माझं ऐका. मी 2023 मध्ये माग्डेबुर्गला आले. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो आहे. फी नसली तरी वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावा लागतो. माझ्या वेळी 11,208 युरो होते, आता 11,904 आहेत. त्यातून महिन्याला 992 सुटतात. बाबांनी तेव्हा सातबारा घेऊन बँक गाठली, तर शेतजमीन तारण म्हणून चालत नाही म्हणाले. शेवटी दारव्ह्याचं घर तारण ठेवलं.

पहिल्या हिवाळ्यात मी पार्सलच्या गोदामात रात्रपाळी केली. बोटात अंगठीसारखा स्कॅनर, पट्ट्यावरून डबे येतच राहतात. कुत्र्यांच्या खाण्याची 15 किलोची पोती असत. ती उचलताना मला आपल्या युरियाच्या बॅगा आठवायच्या. पऱ्हाटी वेचताना बोंडाच्या टोकानं नखाजवळ चिरतं ना, तशीच बोटं चिरायची, पुठ्ठ्यानं. सकाळी पहिल्या ट्रामनं खोलीवर यायचे आणि वर्गात झोपायचे. एका विषयात नापास झाले, आईला सांगितलं नाही. आज सांगते. दोन वर्षांचा अभ्यास अडीच वर्षांवर गेला आणि त्या सहा महिन्यांचा खर्च गोदामातल्या कमाईपेक्षा जास्त झाला.

सुधारलं कशानं? जर्मन शिकले. जर्मनची बी1 पातळी झाल्यावर प्रयोगशाळेत विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालं. इथे वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, विद्यापीठातलं हे काम त्या दिवसांत धरत नाहीत. त्याच प्राध्यापकांच्या ओळखीनं आताची नोकरी लागली. भाषा इथे येण्याआधी शिकले असते तर तो हिवाळा वाचला असता, हे मला अजून लागतं.

म्हणून काका, हात जोडून सांगते, इसार घेऊ नका. लहानीला जाऊ द्या, नक्की जाऊ द्या. पण पार्टटाइमच्या भरवशावर फी धरू नका आणि पाण्याची विहीर विकून एक वर्षाची पदवी घेऊ नका.

आत्या (कारंजा): वाचून डोळे भरले गं. इतकं सोसलं आणि सणाच्या फोनवर हसत बोलायचीस.

लहानी: ताई, मी एजंटला फाईलचे 40 हजार दिलेत. प्रवेश सोडला तर ते परत मिळणार नाहीत. आणि सगळ्या मैत्रिणींना सांगून झालंय.

ताई (जर्मनी): लहाने, 40 हजार गेले समज. ते वाचवायला तीन एकर घालायचे नाहीत. मैत्रिणींचं मी समजू शकते, मीही याच गावातून निघाले. तू बी.ई. इलेक्ट्रिकल आहेस, गुण चांगले आहेत. एक वर्ष मागे गेलीस तर काही बिघडत नाही. या वर्षात जर्मन कर, एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे आपली पदवीची कागदपत्रं तपासून देतात त्याचा, अर्ज कर. त्याची फी 18 हजार आहे आणि त्याशिवाय जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा होत नाही. इंग्लंडलाच जायचं असेल तर शिष्यवृत्ती मिळवून जा.

दादा: राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा समाजासाठी सारथी संस्थेची, ओबीसींसाठी बहुजन कल्याण विभागाची. आपल्याला ओबीसीतून अर्ज करता येईल. जागा थोड्या असतात आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. लहानीचं आताचं विद्यापीठ त्यात बसत नाही, मी पाहिलं. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवू, तहसीलमध्ये वेळ जातो. आणखी एक, काका, तुम्ही परवा म्हणत होते ती पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजना फक्त देशातल्या संस्थांसाठी आहे. बाहेरसाठी साधं शैक्षणिक कर्जच घ्यावं लागेल. साडेसात लाखांच्या वर बँका बहुतेक तारण मागतात. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

आत्या (कारंजा): माझा कारंज्याचा प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती आहे. जर्मनीचं ठरलं तर तो तारण ठेवा. यांना मी विचारलं, हो म्हणाले.

काकू: मी कधी लिहत नाही गृपवर. त्या विहिरीचे दगड मी डोक्यावर वाहले, लहानी तवा पोटात होती. मले वाटे, तिच्यासाठीच जाईन तं जाऊ द्या. पण ताईचं वाचलं आन् रात्री झोप नाही लागली. माह्या पोरीनं तसं पोते उचलत वर्ग चुकवाचा असन तं ते शिकणं नाही.

मोठे बाबा: गिऱ्हाइकाले कोण सांगते? मी सांगू?

काका: सांगतलं मी आत्ताच. रागावला. म्हणे पुढच्या वर्सी हा भाव भेटणार नाही. मी म्हटलं नाही तं नाही. लहानी जेवली नाही अजून, तिच्याशी कोणी बोला.

ताई (जर्मनी): मी फोन लावते तिला. तुमच्याकडे साडेनऊ म्हणजे इथे सहा. लहाने, घे फोन.

लहानी: बोलले ताईशी. जेवले पण. जर्मनचा ऑनलाइन वर्ग सकाळी सहाचा आहे, 1 तारखेपासून. घरात रेंज येत नाही, विहिरीवर येते.

काका: मोटर चालू कराले मी सहाले जातोच. संगं चाल.