२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे हाताने कसं ठरवायचं?

मुलुंडची_आई
मुलगा दहावीत आहे, सुट्टीत जावा ही संगणकाची भाषा शिकतोय. तिच्यात पूर्णांक ठेवायचा जो ‘इंट’ नावाचा प्रकार आहे, त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ मूळ आहे, असं त्याला कळलं. तेव्हापासून वहीत ३, ७, ११, १३ असे भागाकार मांडून बसलाय. वर्गमूळ ४६३४० च्या आसपास येतं, म्हणजे जवळजवळ ४८०० मूळ संख्या तपासायच्या. कॅल्क्युलेटर घ्यायला तयार नाही. जवळचा रस्ता आहे का? माझं बी.कॉम. झालंय, त्या बेताने सांगा.

परळचे_गुरुजी
ताई, कॅल्क्युलेटर घेत नाही हे फार चांगलं. पण सरसकट भागू नको म्हणावं.

ही संख्या म्हणजे २ चा ३१वा घात वजा १. आधी धाकटं भावंड बघा: २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. दोन्ही अवयवांतून १ काढा. २२ आणि ८८, दोन्हींना २२ ने भाग जातो! हा योगायोग नाही, फर्माच्या छोट्या प्रमेयातून तसं यावंच लागतं. आपल्या संख्येचा मूळ अवयव असलाच, तर त्यातून १ काढल्यावर ६२ ने भाग जायला हवा. शिवाय त्याला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ४६३४० पर्यंत अशा पावणेचारशेही नाहीत, आणि त्यांतल्याही मूळ तेवढ्याच बघायच्या. पहिली ३११, पुढची थेट १३०३.

ऑयलरने १७७२ मध्ये याच वाटेने ही मूळ असल्याचं सिद्ध केलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मुलाला हे जरूर सांगा.

अंधेरी_कोडर
इंटची कमाल मर्यादा मूळ निघाली, ती घातांक ३१ आहे म्हणून. लाँग, म्हणजे इंटपेक्षा मोठे पूर्णांक ठेवायचा प्रकार, त्याची मर्यादा २ चा ६३वा घात वजा १. ६३ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे या संख्येला २ चा घन वजा १, म्हणजे ७ ने भाग जातो.

मुलुंडची_आई
गुरुजी, ३११ ने भागून झालं, बाकी ३५ उरली. आता १३०३ चालू आहे. विचारतोय, जगातली सर्वांत मोठी मूळ संख्याही अशीच तपासली का?

परळचे_गुरुजी
बाकी बरोबर आहे, शाब्बास!

आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. लूक ड्युरंट यांना ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. ४,१०,२४,३२० अंकी आहे, तिथे भागून कुठे पुरं पडणार? ती मूळ असल्याचं पक्कं केलं लूकास-लेहमर कसोटीने. ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर नाही.

३१ ही संख्या म्हणजे २ चा ५वा घात वजा १, घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या: ४, १४, ८, ०. मुलाला १२७ वर (२ चा ७वा घात वजा १) करू द्या: ४, १४, ६७, ४२, १११, ० यायला हवं. ते जमलं की आपल्या संख्येच्या २९ पायऱ्या त्याच वहीत होतील.